चेंबर धुताना

मातीच्या ट्रॅकसाठी जुनी आरएक्स बांधायला काढली की सगळा हिशेब पिस्टनचा, क्रँकचा आणि गिअरबॉक्सचा होतो. बोअर कितीवर न्यायचा, रॉड किट कुठलं घ्यायचं, क्रँक कोणत्या लेथवाल्याकडे द्यायचा यावर चहाचे कप रिकामे होतात. इंजिनचे दोन अर्धे, ज्यांना गॅरेजमध्ये सगळे चेंबरच म्हणतात, ते मात्र ‘जरा धुऊन ठेव रे’ म्हणून पोऱ्याच्या हवाली. तो रॉकेलच्या घमेल्यात बुडवतो, ब्रश मारतो, फडक्याने पुसतो आणि ओट्यावर उपडं ठेवतो. मग नव्या सामानाचं इंजिन महिनाभरात सीझ होतं. शिव्या पिस्टनच्या कंपनीला बसतात, दोष बऱ्याचदा त्या घमेल्यातच असतो.

यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. तरीही ती आणि नंतरची आरएक्स १३५ आजही डर्ट रेसिंगवाल्यांच्या हातातली लाडकी इंजिनं आहेत, म्हणून पुढचं सगळं या इंजिनांना धरून लिहितो. टू-स्ट्रोकमध्ये चेंबर म्हणजे नुसती पेटी नव्हे, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना क्रँकच्या पोकळीत ओढ तयार होते, रीड उघडते, पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. म्हणजे चेंबरच्या कोपऱ्यात राहिलेला वाळूचा कण आधी मेन बेअरिंगमध्ये, मग बिग-एंडच्या नीडल बेअरिंगमध्ये आणि शेवटी पिस्टन आणि बोअरच्या मध्ये जाणार. फोर-स्ट्रोकमध्ये निदान ऑइल फिल्टर वाटेत आडवा येतो. इथे वाटेत कोणीच नाही.

धुण्याची सुरुवात इंजिन खोलण्याच्या आधी होते, आणि नेमकी हीच पायरी टाळली जाते. ट्रॅकवरून आलेल्या गाडीच्या पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढून बघा. चेनचं वंगण, लाल माती आणि बारीक खडी यांचा बोटभर जाड थर तिथे बसलेला असतो. इंजिन असंच खोललं तर अर्धे वेगळे होताना तो थर सरळ आत पडतो. इनटेक आणि सायलेन्सरचं भोक चिंधी कोंबून नव्हे, घट्ट रबरी बुचाने बंद करा. चिंधी पाणी आत जाऊ देते. लाकडी फळीने थर खरवडा, वर डिझेल किंवा रॉकेल फासून अर्धा तास मुरू द्या, मग कपड्याच्या साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवा. वॉशिंग सेंटरचा फवारा चालेल, पण त्याचं तोंड ऑइल सीलवर आणि मॅग्नेटच्या कव्हरच्या सांध्यावर धरू नका. पेट्रोलने धुणं मात्र बंद करा. ते स्वस्त पडत नाही, हाताची कातडी खातं आणि शेजारी कोणी वेल्डिंग करत असेल तर पुढचं सांगायला नको.

खोलताना दोन गोष्टी सांभाळल्या तर पुढचं निम्मं काम वाचतं. पहिली स्क्रूची. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. बाजारातला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जेआयएस टोकाचा, वर हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्याच्याच जागी खोचा. लांबीत पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला लवकर कळत नाही, पण आखूड भोकात लांब स्क्रू गेला की तळाला टेकून तो चेंबर फोडतो.

दुसरी गोष्ट, अर्धे वेगळे करण्याची. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. कधीच नाही. आरएक्सच्या दोन अर्ध्यांमध्ये कागदी पॅकिंग नसतं, यंत्रावर सपाट केलेल्या दोन पृष्ठांमध्ये पातळ सीलंट असतं, बस. स्क्रूड्रायव्हरने पडलेला एक ओरखडा म्हणजे हवा आत खेचायला कायमची वाट. स्प्लिटर वापरा, सगळे स्क्रू निघाल्याची पुन्हा खात्री करा, अडलं तर बेअरिंगच्या आजूबाजूला हॉट एअर गन फिरवा आणि रबरी हातोडीने हलके टोले द्या. इथे जोर लावावा लागत असेल तर समजा, कुठे तरी एक स्क्रू राहिलाय.

आता धुणं. बेअरिंग, सील, डॉवेल, सगळे स्टड काढल्याशिवाय चेंबर खऱ्या अर्थाने धुतलं जात नाही. बेअरिंग काढायला चेंबर तापवायचं, पण तापवण्याआधी एकदा रॉकेलने आणि मग साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचं. रॉकेलने ओला भाग भट्टीत घालू नये हे सांगायची गरज नसावी. ब्रेक क्लीनरबद्दल मात्र सांगायला हवं: काही ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असतात, आणि ते उडून गेल्याशिवाय त्या भागावर आच किंवा वेल्डिंगची ठिणगी आली तर फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा, किंवा तापवायच्या भागाला ब्रेक क्लीनर लावूच नका.

तापवण्याचं गणित सोपं आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचं बेअरिंग धरा. चेंबर ३० अंशांवरून १२० अंशांवर नेलं तर ते भोक साधारण ०.१ मिलिमीटरने वाढतं. बेअरिंग भोकात आवळून बसलेलं असतं ते मिलिमीटरच्या काही शतांशांनी. त्यामुळे तापलेलं चेंबर लाकडावर उपडं आपटलं की बेअरिंग बहुतेक वेळा आपलं आपण खाली पडतं. बसवताना उलटं: नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, चेंबर तापलेलं, आणि बेअरिंग हाताने सरळ आत. हातोडी लागलीच तर ती बाहेरच्या कड्यावर, तीही पाइपच्या तुकड्याने. आतल्या कड्यावर मारलेला टोला गोळ्या धावतात त्या वाटेवर खड्डे पाडतो. जुना ओव्हन यासाठी सगळ्यात चांगला. गॅस वेल्डरची ज्योत एकाच जागी धरून तापवलं तर चेंबर वाकतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की तापमान पुरेसं आहे.

मोकळं झालेलं चेंबर कशाने धुवायचं यावर गॅरेजागणिक वेगळं उत्तर मिळतं. कॉस्टिक सोड्यात उकळणारे आहेत, टॉयलेट क्लीनर ओतणारे आहेत. दोन्ही चुकीचं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम अक्षरशः खातो, वर जे बुडबुडे येतात तो पेट घेणारा हायड्रोजन असतो, आणि धातू काळपट होतो तो वेगळाच. ॲसिडही पृष्ठभाग खातं. खाल्लेला धातू मिलिमीटरच्या शतांशात असला तरी बेअरिंगची आवळणी तेवढ्याच शतांशात असते, हे विसरू नका. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांची काही कव्हरं तर मॅग्नेशियमची असतात, ती ॲसिडमध्ये याहून वेगाने जातात.

माझ्या मते घरगुती क्रमच उत्तम. आधी रॉकेल किंवा डिझेल आणि कडक केसांचा नायलॉनचा ब्रश. मग पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं. मग कडकडीत गरम पाणी आणि भांड्याचा साबण. कोपऱ्यांना जुना टूथब्रश, भोकांना बाटली धुण्याचा ब्रश. अल्ट्रासॉनिक टाकी कुणाकडे असेल तर नशीबवान. पाणी ५०-६० अंशांवर, सौम्य साबण आणि थोडा थोडा वेळ. तासन्‌तास ठेवलं किंवा साबण तिखट असला तर तिथेही चेंबर काळं पडतं. वापरलेलं रॉकेल गटारात ओतू नका. डब्यात दोन दिवस निवळू दिलं की वरचं स्वच्छ रॉकेल पुढच्या वेळच्या पहिल्या हाताला चालतं.

सगळ्यात चिवट माती लपते ती स्क्रूच्या आंधळ्या भोकांत, म्हणजे ज्यांना पलीकडे तोंड नसतं अशा. तिथे नीट बघा. तळाला जुनं तेल, सीलंटचा भुगा आणि चिखल यांचा घट्ट गोळा बसलेला असतो. वरून स्क्रू फिरवला की तो पिस्टनसारखं काम करतो. तेल दाबलं जात नाही, त्याला जायला जागा नसते, मग जागा चेंबर करून देतं: भोकाच्या बाजूने केसाएवढी चीर. टॉर्क बरोबर दाखवला जातो आणि सांधा मात्र आवळलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक आंधळ्या भोकात बारीक नळीने क्लोरीन नसलेला ब्रेक क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा द्या, कापूस गुंडाळलेली काडी तळापर्यंत घालून कोरडी येते का पाहा. हवा मारताना चष्मा घाला. त्या भोकातून येणारा फवारा सरळ डोळ्यातच येतो. आटे साफ करायला कापणारा टॅप नको, आटे नुसते झाडणारा चेझर वापरा. नवा टॅप मऊ ॲल्युमिनियमचा थोडा थोडा धातू दर वेळी कापत जातो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल बसवा. एक मापाने मोठा स्क्रू घुसवणं किंवा आट्यांत एम-सील भरणं ही उद्याची कामं आज तयार करून ठेवण्याची पद्धत आहे. सहा मिलिमीटरचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटरलाच पुरे होतो; लांब दांड्याचा पाना हातात आला की बहुतेकांचा हात त्याच्या दुपटीला जातो.

सांध्याच्या पृष्ठावरचं जुनं सीलंट हे संयमाचं काम. गॅस्केट रिमूव्हर लावून मऊ करा, मग प्लास्टिकच्या किंवा बांबूच्या पट्टीने काढा. नवं ब्लेड वापरता येतं, अगदी आडवं धरून, कोपरा न टेकवता. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या झटपट काम करतात आणि म्हणूनच त्यांचा मोह होतो. त्या झिजताना ॲल्युमिनियम ऑक्साइडची धूळ सोडतात, ही धूळ बेअरिंग खाऊन टाकते. अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांसाठी या चकत्यांविरुद्ध सर्व्हिस बुलेटिन काढलं होतं, तेही फिल्टर असलेल्या फोर-स्ट्रोक मोटारींसाठी.

सपाटपणा बघायला स्टीलची सरळ पट्टी सांध्यावर उभी, आडवी, तिरकी ठेवा आणि खालून फीलर गेज सरकवा. ०.०५ मिलिमीटरचं पातं कुठे आत गेलं नाही तर काळजी नाही. क्लच कव्हर किंवा मॅग्नेट कव्हर वाकलं असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पाणकागद ठेवून, पाणी घालून, इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासता येतं. चेंबरचे मुख्य अर्धे मात्र असे घासू नका. ते कारखान्यात जोडीने कापलेले असतात; घासले की क्रँकची बाजूची जागा कमी होते आणि बेअरिंगची सरळ रेषाही बिघडू शकते. याच कारणाने एक अर्धा तुमचा आणि दुसरा जुन्या बाजारातला अशी जोडी लावू नये. भंगारवाला ‘एकच माप आहे साहेब’ म्हणेल. माप एकच, जोडी एक नाही.

मग तडे. मातीत चालवलेल्या इंजिनाला ते ठरावीक जागी जातात: इंजिन माउंटचे कान, स्प्रॉकेटच्या समोरची भिंत, जिथे तुटलेली चेन आपटते, पोटाखालचा ड्रेन बोल्ट, जिथे दगड लागतो, किकच्या शाफ्टचं भोक, सिलिंडर स्टडची मुळं. स्वस्तातली तपासणी जुनीच: रॉकेल फासा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची पावडर शिंपडा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल पावडरवर ओली रेघ काढतं. जास्त खात्री हवी तर डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच मिळतो, साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरचा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की वाद संपतो. तडा बाहेरच्या कानाला असेल तर चांगला टिग वेल्डर तो भरून देईल, पण धातूत मुरलेलं तेल आधी तापवून काढावं लागतं, नाही तर वेल्ड सच्छिद्र होतो. बेअरिंगच्या भोकाजवळ वेल्ड झालं तर भोक पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या भोकाकडे तसंही एकदा निरखून बघायचं असतं. आतून एकसारखं करडं असेल तर ठीक. आरशासारखं चकचकीत किंवा ओढल्यासारखे पट्टे असतील तर बेअरिंगचं बाहेरचं कडं भोकात फिरत होतं. सेंटर पंचने चहूबाजूंनी टिंब मारून भोक ‘घट्ट’ करणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो मला मान्य नाही. बेअरिंग मग फक्त त्या टिंबांच्या टोकांवर टेकतं, आणि दहा हजाराच्या आसपास आरपीएमवर ती टोकं किती टिकणार? ढिलेपणा अगदी थोडा असेल तर बेअरिंग धरून ठेवणारं रसायन, लॉकटाइट ६४१ सारखं, कोरड्या स्वच्छ पृष्ठावर लावा. जास्त असेल तर लेथवाल्याकडून बुश मारून घ्या. तो दोन्ही अर्धे जोडून, एकत्र धरून भोक कापतो का, हे आधी विचारा. नसेल तर दुसरा लेथवाला.

बाहेरून नवं दिसावं म्हणून ब्लास्टिंगचा आग्रह असतो. दिसतं छान, पण महत्त्वाच्या यादीत ती शेवटची गोष्ट आहे. करायचंच तर पाण्याबरोबर होणारं व्हेपर ब्लास्टिंग करा. कोरड्या वाळूचं नको, ते मऊ धातू ओरबाडतं. देण्याआधी चेंबर पूर्ण तेलविरहित हवं, नाही तर ब्लास्टिंगमध्ये मारले जाणारे काचेचे मणी तेलाला चिकटून बसतात. आट्यांत जुने स्क्रू, बेअरिंगच्या भोकांत रबरी बुचं, सांध्यावर टेप. आतल्या बाजूला ब्लास्टिंग अजिबात नको; तो भाग कोणी बघत नाही. परत आल्यावर वर सांगितलेलं धुणं पहिल्यापासून करायचं. गिअरबॉक्सच्या तेलवाटेत अडकलेला काचेचा एक मणी डोळ्यांना दिसणार नाही.

ब्लास्टिंग आणि बफिंग करणाऱ्याला इंजिन नंबरची जागा आठवणीने टेप लावून द्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक आरएक्स १०० आज त्या रांगेतलीच आहे. तपासणीला नंबर पुसट निघाला तर चोरीच्या गाडीचे प्रश्न तुम्हाला विचारले जातील. बफवाल्याच्या चाकाखाली तो नंबर दोन मिनिटांत सपाट होतो.

रंग द्यायचा असेल तर इंजिनसाठीचा उष्णता सोसणारा द्या, पातळ थरात. सांध्याच्या पृष्ठावर, बेअरिंगच्या भोकात आणि स्क्रूचं डोकं टेकतं त्या गोलावर रंग नको. डोक्याखालचा रंग तापल्यावर दबतो आणि स्क्रू ढिला होतो.

शेवटचं धुणं बांधायच्या दिवशीच करा. गरम पाणी, साबण, पुन्हा साधं पाणी, हवा. मग पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळून प्रत्येक कोपरा, ट्रान्सफरची तोंडं, रीडची बैठक पुसा. कापड करडं आलं तर परत नळाखाली. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, धुतलेल्या चेंबरचे डॉवेल आणि स्टड एका रात्रीत तांबूस होतात, तेव्हा लगेच बांधणार नसाल तर पोलादी भागांवर तेलाचा पातळ हात फिरवून चेंबर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा.

सीलंट लावताना दोन्ही पृष्ठं आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) किंवा ॲसिटोनने पुसा. यामाहाचं चार नंबरचं बॉंड किंवा त्या जातीचं, पेट्रोल सोसणारं सीलंट घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटतो. एकाच पृष्ठावर, बोटाने पसरून, कागदाएवढा थर. आत ओघळ दिसला तर आताच पुसा. तो सुटून क्रँकमध्ये जाण्याची वाट पाहू नका. क्रँकची ऑइल सील नेहमी नवी, ओठाला थोडं ग्रीस लावून. डावं, मॅग्नेटकडचं सील हवा खेचू लागलं तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिस्टन चिकटतो. उजवं, क्लचकडचं गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं; धूर पांढरा होतो आणि तेलाची पातळी विनाकारण उतरत राहते.

सिलिंडर बसल्यावर, मॅग्नेट आणि क्लच कव्हर लावण्याआधी, प्रेशर टेस्ट करा. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद, एका बुचात सायकलचा व्हॉल्व्ह, हातपंप आणि कमी दाबाचा गेज. ६ पीएसआय भरा आणि थांबा. जास्त भरू नका, नवी सील बाहेर येतील. काटा पाच-सहा मिनिटं जागेवर राहिला तर पुढची कव्हरं लावायला घ्या. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने आधी दोन्ही सीलवर, मग मधल्या सांध्यावर, सिलिंडरच्या बुडाशी आणि शेवटी तुमच्याच रबरी बुचांवर लावा. पहिल्यांदा करणाऱ्याचे बुडबुडे बहुतेक वेळा तिथेच निघतात.